दुपारी मान टाकलेलं झाड पहाटे बघा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात सांगायचं तर असा: माहेर कोल्हापूरचं, लग्न होऊन इथं येऊन दोन वर्षं झाली. गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. मार्चपर्यंत सगळं छान असतं. एप्रिल लागला की पानांची टोकं करपतात, जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळतात, दुपारी सगळी झाडं मान टाकतात. म्हणून त्या सकाळी, दुपारी, संध्याकाळी असं तीनदा पाणी घालतात. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, साठवायला 200 लिटरचा एक ड्रम. तो दोन दिवसांत संपतो आणि मग बोअरचं पाणी. घरातले म्हणतात, "काढून टाक ती बाग." ताई विचारतात, माझं काय चुकतंय?

ताई, विजापूर रोडला आमची छोटी रोपवाटिका आहे, बावीस वर्षं झाली. शिवाय लोकांच्या घरच्या बागाही सांभाळतो. दरवर्षी एप्रिलमध्ये हाच प्रश्न घेऊन माणसं येतात, पण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "पाणी घातल्या घातल्या खालून निघून जातं, म्हणजे निचरा चांगला आहे." गोम तिथंच आहे.

आपल्याकडची माती काळी. पावसाळ्यात पायाला किलोभर चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. शेतात जे होतं तेच कुंडीत होतं, फक्त भेग मध्ये न पडता कडेला पडते. माती आक्रसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, बोटाचं नख जाईल एवढी फट राहते. वरून ओतलेलं पाणी सोपी वाट धरतं आणि फटीतून सरळ खालच्या भोकाला जातं. तुम्हाला वाटतं झाड पाणी प्यालं. गच्ची प्यालेली असते.

खात्री करायची असेल तर एक जास्वंदीची कुंडी आडवी करा, कडेनं थापटा आणि मातीचा गड्डा हलकेच बाहेर ओढा. मागच्या आठवड्यात होटगी रोडच्या एका घरी मी हेच केलं. मालकीणबाई सकाळीच पाणी घालून बसल्या होत्या. गड्ड्याला वरून एक इंच ओल, कडेनं ओलसर चिखलाचा पातळ थर आणि मधोमध, जिथं मुळांचं जाळं असतं तिथं, राखेच्या रंगाचं ढेकूळ. खुरप्याचं टोक लावलं तर धूळ उडाली. दिवसातून दोनदा पाणी मिळणारं झाड तहानेनं मरत होतं.

यावर उपाय सोपा आहे, फक्त एकदा मेहनत करायची. नळाला पाणी येईल त्या दिवशी कपडे धुवायचा टब अर्धा भरा आणि कुंडी त्यात बसवा. कुंडीच्या निम्म्यापर्यंत पाणी हवं. मातीतून बुडबुडे यायला लागतील. ते थांबेपर्यंत, म्हणजे वीस मिनिटं ते अर्धा तास, कुंडी तशीच ठेवा. मग उचलून निथळू द्या आणि कडेची फट कुजलेल्या शेणखतानं किंवा गांडूळखतानं दाबून बुजवा. टबातलं उरलेलं पाणी पुढच्या कुंडीला वापरा. एका दिवसात चाळीस कुंड्या होणार नाहीत, दहा-दहा करा. एकदा गड्डा आतून भिजला की पुढं रोजचं पाणी तो धरून ठेवतो. माती मुळातून बदलायची ती मृगानंतर, आत्ता मुळं हलवू नका. तेव्हा दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट आणि अर्धं घमेलं जाड वाळू असं मिसळा.

आता दुपारची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 42-43 अंशांवर जातो, हवा कोरडी ठाक. पानांतून पाणी जेवढ्या वेगानं उडतं तेवढ्या वेगानं मुळांना ते वर चढवता येत नाही, मग माती ओली असली तरी झाड पान खाली सोडतं. तेवढंच ऊन कमी लागावं म्हणून. आपण दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून आडवे होतो, तसंच ते. सूर्य कलला की सातच्या सुमाराला मान पुन्हा वर. याला आजार समजून दुपारी दोनला पाणी ओतलं, तर तापलेल्या मातीत गरम दलदल होते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून झाड आणखी मान टाकतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. माझ्याकडं मेलेली म्हणून आणलेली निम्मी झाडं अशी जास्तीच्या पाण्यानं गेलेली असतात. भर उन्हाळ्यात, पाणीटंचाईच्या गावात!

म्हणून झाडाची तब्येत दुपारी तपासायचीच नाही. पहाटे सहाला बघा. तेव्हाही पान लोंबत असेल तर खरंच काहीतरी बिघडलंय. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर तहान, ओलं लागलं तर मूळ कुजतंय. ताठ असेल तर दुपारचं सगळं नाटक विसरून जा.

पाणी द्यायची वेळ सकाळी सातच्या आत. बारा इंची कुंडीला सरासरी एक लिटर पुरतं, पण ते एका दमात नको. सगळ्या कुंड्यांना अर्धा अर्धा तांब्या देत एक फेरी मारा, तोवर पहिल्या कुंडीतलं मुरलेलं असतं. मग दुसरी फेरी. चाळीस कुंड्या, चाळीस लिटर, पाच दिवसांचे 200 लिटर. तुमचा ड्रम बरोबर पुरतो, बोअरकडं जायची वेळच येत नाही. संध्याकाळी फक्त तुळस, मोगरा आणि लहान कुंड्या बघायच्या. कोरड्या वाटल्या तरच घोटभर.

एक चूक मात्र जवळजवळ सगळेच करतात. संध्याकाळी सहाला गच्चीवरचा नळ सोडून पाइप थेट कुंडीत धरायचा. दिवसभर उन्हात पडलेल्या पाइपातलं आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, ते मुळांवर ओतल्यावर दुसरं काय होणार? संध्याकाळी बादल्या भरून झाकून ठेवा आणि पहाटे तेच पाणी घाला. रात्रीत निवतं. ड्रमही सावलीत ठेवा आणि तोंडाला जुन्या सुती साडीचं फडकं घट्ट बांधा. डेंग्यूचा डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा ड्रम कोरडा करून आतून घासायचा, त्यात कंटाळा नको.

टोकं करपण्याचं कारण वेगळं आहे, ते म्हणजे बोअर. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 1400 येतो, तुमच्याकडं फार वेगळा नसेल. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी पापडी धरलीय का बघा, मला खात्री आहे धरली असेल. ती वरची अर्धा-एक इंच माती खरवडून टाकून द्या आणि तिथं खत भरा. जास्वंदीचं नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसत असेल तर तोही चुनखडीच्या मातीचा आणि जड पाण्याचाच प्रताप. लोह मातीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. चिलेटेड फेरस मिळतं, पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा. गंजके खिळे कुंडीत खोचायचा उपाय लोक सांगतात. खोचा हवं तर, पायात घुसला तर मला बोलू नका.

याच हिशेबानं घरातलं कुठलं पाणी चालतं तेही बघून घ्या. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी फार चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. जास्वंदीला आणि गुलाबाला तेच राखून ठेवा. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं मात्र नको. दिसायला तेही पाणीच, पण कूलर दिवसभर पाणी उडवत असतो आणि क्षार तळाला आटवत असतो. ते गच्ची धुवायला वापरा. आरओ मशीनच्या बाजूच्या नळीतलं पाणीही तसंच, थेट कुंडीत नको. वॉशिंग मशीनचं तर नकोच.

आता सावली. खरं तर मी हेच आधी सांगायला हवं होतं, कारण सावलीशिवाय वरचं सगळं पाणी वाया आहे. गच्चीचा स्लॅब दुपारी अनवाणी उभं राहता येणार नाही इतका तापतो आणि त्यावर टेकलेली कुंडी तळातून शिजते. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना बाहेरून चुना मारा किंवा गोणपाट गुंडाळा. कुंड्या लांब लांब मांडण्याची हौस जूननंतर भागवा. आत्ता सगळ्या एकमेकींना खेटून, मोठ्या बाहेर, लहान आत. एकीची सावली दुसरीवर पडते आणि मधली हवाही ओलसर राहते.

शेडनेट 50 टक्क्यांची हिरवी घ्या, त्याहून दाट नको. 75 टक्क्यांच्या जाळीखाली मोगरा फुलणं सोडून नुसता लांब वाढतो. जाळी डोक्याच्या वर, सात-आठ फुटांवर बांधा, खाली बांधली तर तिच्याखाली भट्टी होते. दुपार कलल्यावर पश्चिमेकडून तिरपं येणारं ऊन सगळ्यात वाईट, ते वरच्या जाळीला दाद देत नाही. त्यासाठी आमच्याकडचा तोडगा म्हणजे जुनी सोलापुरी चादर. दहा वर्षं वापरून, धुऊन मऊ पडलेली जेकार्ड चादर प्रत्येक घरात असते, टाकवत नाही आणि अंथरवत नाही अशी. ती पश्चिमेच्या कठड्यावर दोरीनं पडद्यासारखी बांधायची. माझी आई दुपारी तिच्यावर दोन तांबे पाणी मारायची. आतल्या बाजूला उभं राहिलं की वाऱ्याबरोबर जो गारवा लागायचा, तो कूलरला नाही. पाण्याच्या टंचाईत ते दोन तांबे परवडत नसतील तर कोरडी चादरही पुष्कळ काम करते.

माती उघडी ठेवायची नाही. लोक यासाठी नारळाचा भुसा विकत घेतात. तुम्ही कोपऱ्यावरच्या रसवंतीत जा आणि उसाचं चिपाड मागा. रसवंतीवाल्याला ते टाकायचीच पंचाईत असते, पोतं भरून फुकट देतो. फक्त आणल्या आणल्या कुंडीत घालू नका, त्यात साखर असते आणि रात्रीत मुंग्यांची जत्रा भरते. गच्चीवर तीन-चार दिवस कडक वाळवा, बोटाएवढे तुकडे करा आणि दोन इंच थर पसरा. खोडाला मात्र चिकटवायचं नाही, दोन बोटं अंतर ठेवा. गावाकडून कडब्याचा चुरा किंवा उसाचं पाचट मिळालं तर तेही तसंच. पावसाळ्यात हे सगळं कुजून खत होतं.

फट बुजवायला आणि वरच्या थराला लागतं तेवढं कुजलेलं खत सोडलं, तर आत्ता आणखी खत नको. पहिल्या वर्षी मी एका घरच्या साठ गुलाबांना मेच्या पहिल्या आठवड्यात अर्धवट कुजलेलं शेण आणि वर चिमूट चिमूट युरिया घातला, फुलं यावीत म्हणून. चौथ्या दिवशी पानं पापडासारखी. पैसे तर गेलेच, पण त्या घरच्या आजी रोज सकाळी एकेक वाळकी फांदी काढून माझ्या हातात द्यायच्या, एक शब्द न बोलता. फार घालायचीच हौस असेल तर पंधरा दिवसांनी पातळ जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून करतात ते), एका भागाला दहा भाग पाणी, तेही आधी ओल्या केलेल्या मातीत.

कोणती झाडं ठेवायची हे स्पष्टच सांगतो. कोल्हापूरच्या हवेत वाढलेले फर्न आणि अँथुरियम इथल्या गच्चीवर मेमध्ये ठेवणं म्हणजे पाहुण्याला उन्हात उभं करणं. त्यांना न्हाणीघराच्या खिडकीत किंवा उत्तरेच्या व्हरांड्यात हलवा. सोलापूर हा डाळिंबाचा जिल्हा आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे ते उगाच नाही. या कोरड्या हवेत रमणारी झाडं वेगळी. मोठ्या कुंडीत एक भगवा डाळिंब लावा, शिवाय कण्हेर, तगर, बोगनवेल, सदाफुली, चिनी गुलाब, अडेनियम, कढीपत्ता. ही झाडं तुमच्याकडं फारसं मागत नाहीत. भाज्यांमध्ये गवार, चवळी, भेंडी, तांदुळजा. टोमॅटोला या उष्णतेत फूल येतं आणि गळतं, फळ धरत नाही. त्याच्यावर पाणी घालवू नका. कोथिंबीर मंडईतून आणा.

आणि मोगरा. सगळं करपत असताना हा एकटा फुलतो, सोलापूरच्या उन्हाळ्याची तेवढीच एक मेहेरबानी. त्याला ऊन हवं, त्यामुळं जाळीच्या कडेला, सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल तिथं ठेवा. फुलांचा एक बहर संपला की प्रत्येक फांदीचा शेंडा दोन-तीन इंच खुडा, वाळकी फुलं काढा. नवी फूट येते आणि तिच्या टोकाला महिनाभरात पुन्हा कळ्या. बहुतेक जण हे करत नाहीत आणि "मोगरा एकदाच आला" म्हणत बसतात. गजऱ्यासाठी कळ्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला, टपोऱ्या पांढऱ्या झालेल्या पण मिटलेल्याच काढायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या. रात्री आठला त्या वाटीत उमलतात.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, नाहीतर ती बी धरून वाळून जाते. जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा, औषधाची घाई नको. तिथं मुंग्यांची रांग दिसली तर तीही तोडा, त्या ढेकणाचा गोड चिकटा खातात आणि त्याची राखण करतात. पानाच्या मागं बारीक जाळी आणि पान धुरकट तांबूस दिसलं तर लाल कोळी. कोरड्या हवेचा किडा आहे, त्याला ओल सोसत नाही. पहाटे पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा, सलग चार-पाच दिवस. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर केवडा रोग, तो पांढऱ्या माशीनं आणलेला असतो. ते झाड उपटून टाका, बरं होत नाही. जूनमध्ये कडुलिंबाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा पडेल, तेव्हा गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवून ठेवा. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळली की पुढच्या हंगामाचं औषध घरचं झालं. चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचं.

मेमध्ये लग्नासाठी चार-पाच दिवस माहेरी जाणं होणारच. शेजाऱ्यांच्या मुलावर भिस्त ठेवू नका, मुलं गुणी असतात पण सुट्टीत असतात. मोठ्या कुंड्यांत कुंभाराकडचं लहान तोंडाचं भाजलेलं मडकं, आतून-बाहेरून रंग नसलेलं, गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकणी ठेवा. कोरडी माती जेवढं ओढेल तेवढंच ते पाझरतं आणि मडक्याच्या आकाराप्रमाणं तीन-चार दिवस टिकतं. आपल्या नळाच्या पाळीशी हा हिशेब इतका जुळतो की मी तर वेलांच्या आळ्यांत कायमचीच मडकी पुरलीत. लहान कुंड्या जिन्याच्या सावलीत एकत्र ठेवा, मध्ये पाण्याची बादली आणि बादलीतून प्रत्येक कुंडीत सुती साडीची वळलेली वात. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच हवी.

पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी रोज बदला. आमच्याकडं बुलबुल ठरलेल्या वेळी येतो आणि भांडं रिकामं असलं तर मोगऱ्याच्या कळ्या टोचून राग काढतो.

मेच्या शेवटी वळीव येईल. आधी धुळीचा लोट, मग वारा, मग टपोरे थेंब, कधी गाराही. जाळी तारेनं आवळून बांधली असेल तर फाटते, सुतळीच्या गाठी मारल्या तर सुतळी तुटते आणि जाळी वाचते. आमची दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गच्चीवर जाऊन त्यांच्या पापडांवर पसरली होती, त्यावर अजून ऐकतोय. वळीव झाला की लोकांना वाटतं उन्हाळा संपला आणि ते जाळी काढतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा 41 अंश. जाळी मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होईपर्यंत राहू द्या. त्या वळवाचं पाणी मात्र सोडू नका. कुंड्या उघड्यावर सरकवा, पत्र्याच्या पन्हळीखाली बादल्या लावा. साठलेले क्षार धुऊन न्यायला याच्यासारखं पाणी नाही.

तुम्ही आत्ता एवढंच करा. दुपारचं पाणी आजपासून बंद, आणि नळ येईल त्या दिवशी सगळ्यात आधी त्या कळ्या गाळणाऱ्या दोन जास्वंदी टबात बसवा. बुडबुडे थांबायला किती मिनिटं लागली तेवढं मला कळवा, त्यावरून जूनमध्ये माती किती बदलावी लागेल ते सांगतो.